आजोबांचा घास

घुर्र.

घरात इतकी शांतता होती की तान्ह्याच्या नाकातला तो एवढासा आवाजही सगळ्यांना ऐकू गेला. घुर्र, आणि पाठोपाठ बारीकशी शिट्टी.

आमचे हे नुकतेच आत आले होते. खांद्यावरची टोपली त्यांनी घराच्या मधोमध ठेवली होती आणि कुणीच तिचं झाकण उघडत नव्हतं. उघडायची गरज नव्हती. शिजलेल्या कंदांची टोपली घरात येते तेव्हा आधी वास येतो, मग वाफ, मग माणूस. आज नुसताच माणूस आला होता.

"कच्चेच?" सासूबाईंनी कोपऱ्यातून विचारलं.

"कोमटसुद्धा नाहीत," हे म्हणाले. "धाकट्या तोंडाला जराशी धुगधुगी आहे. थोरलं तर पार गारठलंय. वर हात धरला तर आपल्याच हाताची ऊब त्याला लागते, अशी गत."

तान्हा माझ्या मांडीवर पुन्हा घुरघुरला.

आमची वस्ती उघड्या डोंगराच्या उतारावर आहे. झाड म्हणाल तर एक नाही. खाली ओढ्याला वेत आणि पाणगवत, वर दगड, दगडांच्या सांदीत कडू कंद. जाळायला काही मिळत नाही, आणि कंद कच्चा खाल्ला तर जीभ सुजून तोंडात मावेनाशी होते. तरी आमच्या कितीतरी पिढ्या इथं पोट भरून जगल्या, त्या आजोबांच्या जिवावर. आजोबा डोंगराखाली झोपलेले आहेत. त्यांना कुणी पाहिलेलं नाही, पण त्यांचा श्वास सगळ्यांच्या अंगाखांद्यावरून गेलेला आहे. डोंगराच्या टोकाशी शेजारी शेजारी दोन विवरं आहेत, एक थोरलं तोंड आणि एक धाकटं तोंड. आजोबा श्वास आत घेतात तेव्हा उतारावरची धूळ त्या तोंडांकडे सरकत जाते. ते श्वास सोडतात तेव्हा वाफेचा लोट उठतो. त्या लोटावर आम्ही कंदांच्या टोपल्या ठेवतो. मी विणलेल्या टोपल्या. तळ विरळ, कडा घट्ट, म्हणजे वाफ खालून शिरते आणि आतच घुटमळते. दुपारपर्यंत कंद असे मऊ होतात की दात नसलेल्यांनीही खावेत.

पण टोपली ठेवण्याआधी आजोबांचा घास. सगळ्यात चांगला कंद निवडायचा, त्याचा डोळ्याकडचा भाग कापायचा, पाणगवताच्या बियांत घोळवायचा आणि कच्चाच आजोबांच्या तोंडात सारायचा. कच्चा अशासाठी, की त्यांना शिजवून द्यायची काय गरज? हे काम घासवालीचं. आणि आमच्या वस्तीची घासवाली म्हणजे माझ्या सासूबाई.

त्या किती प्रेमानं भरवायच्या, ते मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत होते. गुडघे टेकायच्या, बाही वर सारायच्या आणि हात खांद्यापर्यंत आत घालायच्या. "घ्या हं. आज गोडसा निघालाय," असं काहीबाही पुटपुटायच्या. एकदा मी हसले तर म्हणाल्या, "हसतेस काय? तुलाही उद्या कुणाला तरी भरवायचंय. बोलल्याशिवाय घास उतरत नाही कुणाच्या गळ्याखाली."

मग आजोबांचा श्वास मंदावू लागला. वस्ती घाबरली. आजोबा आजारी आहेत, आजोबा रुसलेत, आजोबांना पुरत नाही, असं ज्याला जे सुचेल ते तो बोलायचा. म्हणून घास वाढवला. एकाचे दोन, दोनाची ओंजळ, ओंजळीची टोपली. श्वास आणखी मंदावला. मग घरोघरच्या वाटणीतून कंद जाऊ लागले. सासूबाई तर आपली सगळी वाटणी घेऊन वर जायच्या आणि मी विचारलं की म्हणायच्या, "जेवले मी मघाशीच." कुठे, कधी, कोण जाणे. त्यांच्या मनगटातलं वेताचं कडं कोपरापर्यंत चढू लागलं होतं.

दारात सावली पडली. म्होरक्या आला होता. वस्तीची सगळी जोखीम ज्याच्या डोक्यावर तो म्होरक्या, त्यामुळे त्या दिवसांत त्याचं डोकं सदा खालीच असायचं.

"ठरलं," तो उंबऱ्यातूनच म्हणाला. "बर्फ पडायच्या आत खिंड ओलांडायची. पलीकडे झाडी आहे म्हणतात. उद्या उजाडलं की निघू. ज्यांना चालवतं त्यांनी..."

सासूबाईंनीच वाक्य पुरं केलं. "ज्यांना चालवत नाही त्यांनी राहायचं. अरे, सांग की सरळ. मी काही रडणार नाही." त्यांचे गुडघे दोन हिवाळ्यांपूर्वीच गेले होते. आता वरच्या विवरापर्यंतही त्या रांगत जायच्या. "आणि आजोबांना एकटं टाकून कसं जायचं? कुणीतरी हवंच ना भरवायला."

"आई, मी उचलून नेतो तुला," हे म्हणाले.

"खिंड उभी आहे. तुला दोन पोरं आहेत. गप बस."

माझ्या पाठीमागे भिंतीला एक मोठी थोरली टोपली उलटी टेकून ठेवली होती. खिंडीचं बोलणं निघाल्यापासून महिनाभर मी ती विणत होते. कडा माझ्या मनगटाएवढ्या जाड, पाठीला बांधायला वेताचे पट्टे. एक म्हातारं माणूस मांडी घालून आत बसेल एवढी. विचारणाऱ्यांना मी सांगत होते की सामानासाठी आहे. सासूबाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "सामान बरंच जड दिसतंय तुझं."

म्होरक्या गेला. हे त्याच्यामागून गेले, बहुधा भांडायला. तान्हा आता रडायला लागला होता. त्याला पाजायला घेतलं तर दोन घोट घेऊन सोडून द्यायचा, धापा टाकायचा आणि पुन्हा रडायचा. मी त्याला दारापाशी उजेडात नेलं, डोकं मागे केलं आणि नाकात बघितलं.

डाव्या नाकपुडीत काहीतरी होतं. पिवळट, गोल, फुगलेलं. पाणगवताचं बी.

"चिमणे!"

माझी लेक चटईच्या गुंडाळीमागून बाहेर आली. तिचा चेहराच सगळं सांगत होता.

"याच्या नाकात हे कुणी घातलं?"

"मी."

"का?"

"तो भुकेला होता. तू टोपल्या विणत होतीस. मग मी घास भरवला त्याला, आजीसारखा." तिचा ओठ थरथरला. "बोलले पण मी त्याच्याशी. घ्या हं, म्हटलं."

मला रागवावं की हसावं कळेना, आणि वेळही नव्हता. मी तान्ह्याची मोकळी नाकपुडी बोटानं दाबून धरली. गवताचा एक तुरा घेतला आणि बंद नाकपुडीच्या कडेकडेनं हळूहळू फिरवला. त्यानं नाक आक्रसलं. डोळे मिटले. तोंड उघडून एक लांब श्वास आत ओढला, क्षणभर तसाच थांबला, आणि फाट्! बी उडालं ते थेट माझ्या कपाळावर.

तान्हा चकित होऊन माझ्याकडे बघत राहिला. मग असा बिलगून पिऊ लागला की जणू जन्मात पहिल्यांदाच.

"अगं वेडे," मी चिमणीला म्हटलं, "नाकात कधी घास घालतात का? दोन भोकं दिसली शेजारी शेजारी की ते काय तोंड असतं? श्वास कसा घ्यायचा मग त्यानं..."

मी बोलता बोलता थांबले.

माझेच शब्द माझ्या कानात परत आले. मी वर डोंगराकडे बघितलं. तान्ह्याच्या नाकाकडे बघितलं. पुन्हा डोंगराकडे.

मग वळून सासूबाईंकडे बघितलं. जे मला कळलं होतं ते खरं असेल तर आम्हाला कुठे जायला नको होतं. पण ते सांगायचं कुणाला होतं? तर त्यांना. विवराच्या आत घासवालीखेरीज कुणी बोट घालायचं नाही, ही वस्तीची रीत. मी जाऊन काही करू लागले असते तर लोकांनी मला पायाला धरून ओढत आणलं असतं.

मी तान्ह्याला घेऊन त्यांच्याजवळ बसले.

"आई, एक विचारू? रागावू नका."

"रागवायलाही अंगात जीव लागतो. विचार."

"आजोबांचं ते तोंड आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्या सासूनं. तिला तिच्या सासूनं. सगळे तोंड म्हणतात म्हणून तोंड."

"तोंड तर बिळालाही असतं, आई. माझ्या टोपलीलाही असतं. पहिल्यांदा कुणीतरी नुसतं विवराचं तोंड म्हटलं असेल. ते काही खायचं तोंड नव्हे." मी तान्ह्याच्या नाकावर बोट ठेवलं. "दोन आहेत ती. शेजारी शेजारी. त्यातून वारा आत जातो, बाहेर येतो."

माझ्या मांडीवर तान्हा मोकळा श्वास घेत झोपला होता. त्याच्याकडे सासूबाईंची नजर गेली. मग त्यांचा हात हळूच वर आला आणि स्वतःच्या नाकाला लागला. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या.

"म्हणजे मी जन्मभर..." त्या एवढंच म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे करून आडव्या झाल्या.

काय बोलणार? तुमची चूक नव्हती, असं म्हटलं असतं तर ती चूकच होती असं झालं असतं. मी त्यांच्या पायांवर चटई ओढली. चिमणी येऊन त्यांच्या पाठीला टेकून बसली आणि कानात म्हणाली, "आजी, माझं बी निघालं. आई फार नाही रागावली."

त्या हलल्या. त्यांच्या पाठीला एक हुंदका आला की हसू, मला आजही सांगता येणार नाही. उठून बसल्या त्या मात्र घासवालीसारख्या.

"तुझं ते सामान बांधायचं टोपलं आण," त्या म्हणाल्या. "घाल मला त्यात. आणि माझ्या लेकाला हाक मार."

यांनी त्यांना पाठीवर घेतलं आणि आम्ही वस्तीतून वर निघालो तेव्हा लोक बांधाबांध करत होते. एकेक जण हातातलं टाकून मागे येऊ लागला. शेजारची बडबडी तर आमच्या आधीच वर पोचली.

"काय गं टोपलीवाले, सासूला नवा पाळणा का?"

"पाळणाच," सासूबाई टोपलीतून म्हणाल्या. "तुझंही वय झालं की विणेल तुला. तोंडाला झाकण लावून."

म्होरक्या धापा टाकत आला. "हे काय चाललंय? आता कसला घास? खायला काही उरलं नाही."

"घास नाही. उतरव रे मला." यांनी त्यांना थोरल्या विवराच्या काठावर उतरवलं. त्या दगडाला धरून उभ्या राहिल्या. मला हात लावू देईनात. "मी अजून घासवाली आहे ना?"

"आहेस."

"मग ऐका सगळे. हे तोंड नव्हे. हे आजोबांचं नाक आहे."

लोक एकमेकांच्या नाकांकडे बघू लागले.

"आणि आत जे काही अडकलंय," त्या म्हणाल्या, "ते मी घातलंय. माझ्या हातानं. ते जितके गुदमरत होते तितकं मी जास्त कोंबत होते. आता माझ्याच हातानं ते निघायला हवं."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. कुणीतरी त्याला गप्प केलं. म्होरक्याचा चेहरा पांढरा पडला होता. "आणि तुझं चुकलं तर? ते चिडून उठून बसले तर?"

"तर बसू देत. इतकी वर्षं त्यांना जपलंय. निदान चेहरा तरी दिसेल एकदा."

म्होरक्यानं अंगावरचं ओझं खाली टाकलं आणि विचारलं, "काय करायचं, सांग."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "मला काय विचारतोस? नाकातलं बी काढलंय ते तिनं."

मग सगळं माझ्याकडे आलं. मोठी टोपली आम्ही ओढ्याच्या चिखलानं आतून बाहेरून लिंपली आणि धाकट्या विवरावर पालथी घातली. बरोबर बसली, जणू मापानंच विणली होती. "आता दाबून धरा," मी म्हटलं. आधी दोघं तिच्यावर टेकले, मग चौघं, मग ज्याला जिथं जागा मिळेल तिथं. बघता बघता अख्खी वस्ती आजोबांच्या एका नाकपुडीवर बसली. बडबडी म्होरक्याच्या मांडीवर आली होती आणि दोघंही तिकडे लक्ष नसल्यासारखं दाखवत होते.

ओढ्याकाठच्या वेताला वेत जोडून हे एक लांबलचक काठी घेऊन आले. टोकाला मी पाणगवताचे तुरे बांधले. काठी सासूबाईंनी घेतली. विवरात वाकून बघितलं तर आत लगदा नव्हता नुसता. कंदांना पांढरे कोंब फुटले होते, कोंबांना मुळं, मुळं मुळांत गुंतून त्यांची माझ्या टोपलीपेक्षा घट्ट वीण झाली होती. सासूबाईंनी काठी वीण आणि कातळ यांच्या फटीत सारली आणि हलकेच गोल फिरवली.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "जरा त्रास होईल हं."

काही नाही. पुन्हा एकदा. पुन्हा काही नाही.

मग आमच्या पायाखालची जमीन आक्रसली. खरंच, तान्ह्याचं नाक आक्रसतं तशी. खाली वस्तीत चटया उडाल्या आणि डोंगराकडे सरपटत येऊ लागल्या. बडबडीच्या घरावरचं गवताचं छप्पर उडालं आणि थोरल्या विवराला जाऊन चिकटलं. श्वास आत जात होता, जात होता, जातच होता.

आणि थांबला.

"धरा!" हे ओरडले आणि आईला कवेत घेऊन खाली पडले.

ती शिंक मी शब्दांत कशी सांगू? डोंगर एकदम म्हातारा आणि एकदम तरणा झाल्यासारखा वाटला. थोरल्या विवरातून ती सगळी वीण, पिढ्यांचे घास, कोंब, मुळं, बिया, चिखल, सगळं आभाळात गेलं आणि उतारभर पावसासारखं कोसळलं. म्होरक्याच्या डोक्यावर कोंब आलेला एक कंद मुकुटासारखा बसला. माझ्या केसांतून किती दिवस बिया निघत होत्या. चिमणी टाळ्या पिटत होती. तान्हा तेवढ्यातही झोपलेला.

धूळ बसली, आणि त्या धुळीतून ऊन ऊन, दमट, दाट वाफेचा लोट उठला. मी आयुष्यात एवढा मोठा पाहिला नव्हता. म्हाताऱ्यांनीही नाही.

चिखलानं माखलेल्या सासूबाई आमच्या यांच्या मांडीवरून उठत होत्या. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि फुटक्या आवाजात ओरडल्या, "जगा, आजोबा! जगा!"

मग सगळी वस्ती ओरडली.

त्या दिवशी कुणी कुणाची वाटणी केली नाही. उतारावरचे जे कंद धड होते ते वेचले, टोपल्या भरल्या, आणि ऊन कलायच्या आत शिजले. आम्ही तिथंच विवराभोवती बसून खाल्लं. वाफेनं सगळ्यांचे चेहरे ओले झाले होते, त्यामुळे कोण रडतंय ते कळत नव्हतं. मी सासूबाईंच्या हातात कंद ठेवला तर त्या म्हणाल्या, "जेवले मी मघा..." आणि माझ्या डोळ्यांकडे बघून गप्प झाल्या. मग एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. पाचवा मागून घेतला.

बर्फ पडलं, पण आम्ही खिंडीत नव्हतो, घरात होतो. आणि बर्फ वितळलं तेव्हा पहिल्यांदा चिमणीनंच ओरडून सांगितलं, "आई, डोंगराला केस आलेत!"

उतारभर हिरवं उगवलं होतं. आजोबांनी जिथं जिथं उडवलं होतं तिथं तिथं कंदाचे वेल, पाणगवताचे तुरे. जे शोधायला आमचे हे सांदीसांदीतून दिवस दिवस हिंडायचे, ते दारापुढे ओळीनं उभं होतं. वाफेनं पेरलेलं म्हणून सगळे त्या तुकड्याला वाफा म्हणू लागले. पुढच्या खेपेला आम्ही आपल्या हातानं दुसरा वाफा केला. कंदाचा डोळ्याकडचा भाग कापायचा, बियांत घोळवायचा आणि मातीत सारायचा. शिकवायला सासूबाई. तेच गुडघे टेकणं, तीच बाही, आणि मातीशी तेच बोलणं. "जन्मभर बरोबरच करत होते मी," त्या म्हणायच्या. "फक्त जागा चुकली." वस्तीतल्या सगळ्या सुना त्यांच्यामागून ओळीनं वाकून सरकायच्या आणि त्यांची नक्कल करायच्या. त्याही ते जाणून होत्या आणि मुद्दाम जास्त मोठ्यानं पुटपुटायच्या.

वाफ्यातला पहिला कंद निघाला त्या सकाळी आम्ही सगळे वर होतो. हाताएवढा, गुळगुळीत, ओल्या मातीनं माखलेला. यांनी तो आईच्या हातात दिला. सासूबाईंनी तो पुसला, डोळ्याकडचा भाग कापला, बियांत घोळवला. आणि सवयीनं वळल्या. दगडांना धरत विवरापर्यंत गेल्या. गुडघे टेकले, बाही वर सारली.

मग त्यांच्या लक्षात आलं.

घास हातात घेऊन त्या तशाच थांबल्या. समोर आजोबांचा श्वास खुशाल आत-बाहेर होत होता आणि सासूबाईंचे पांढरे केस एकदा पुढे, एकदा मागे हलत होते. हात पुढे जाईना, मागेही येईना. मी त्यांच्याकडे जायला निघाले, तोच चिमणीनं माझा हात धरला.

"आई," ती म्हणाली, "हे जर नाक आहे, तर मग आजोबांचं तोंड कुठंय? इतकी वर्षं ते उपाशीच आहेत का गं?"